तो पणजा आमचा नव्हता

कोपरीच्या शाळेतल्या बाईंनी मला मिठबंदराच्या रस्त्यावर हाक मारून थांबवलं, तेव्हा आधी मला धडकीच भरली. मी तिसरीतून शाळा सुटलेली बाई. आजही कुणी शिकवणारं माणूस समोर आलं की आपलं काहीतरी चुकलं असणार असंच मला वाटतं आणि हात आपोआप पदराकडे जातो. पण बाई हसत होत्या.

"तुमच्या घराण्याची गोष्ट काय छान सांगितली हो तिनं वर्गात! पोरं अगदी चिडीचूप. तुमचे आजेसासरे म्हणजे धन्यच म्हणायचे."

"कुठली गोष्ट?" मी विचारलं.

"अहो, ती बांधाची. अमावास्येचं उधाण आलं, मिठागराचा बांध फुटला आणि ते स्वतः भगदाडात पाठ लावून बसले, ती. बाकीच्यांनी त्यांच्या भोवती चिखल लिंपून बांध उभा केला म्हणे. खरंच का हो त्यांची पाठ मिठानं शेवटपर्यंत पांढरी राहिली होती?"

"म्हणतात तसं," एवढंच पुटपुटले आणि भाजीची पिशवी सावरत घराकडे निघाले.

तो पणजा आमचा नव्हता. तो आमच्या घरमालकिणीचा सासरा. तो बांधही तिचा, ते उधाणही तिचं, ती पांढरी पाठही तिचीच. आमचं त्यात काही नव्हतं. आम्ही तिच्या गोठ्याला कुडाची भिंत घालून केलेल्या खोलीत राहणारे भाडेकरू, घाटावरून आलेले. घर येईपर्यंत मी नुसती धुमसत होते. मुलीवर रागवावं तर ती आठ वर्षांची. मालकिणीवर रागवावं तर तिचे उपकार एवढे, की रागाला उभं राहायला जागा नाही.

ते उपकार आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणेल.

आम्ही माण तालुक्यातले. नवरा ठाण्याला कापडाच्या गिरणीत लागला आणि मागोमाग मी आले. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझं माहेर म्हणजे वडील आणि धाकटा भाऊ, चुलीशी बाई नाही. आई मी लहान असतानाच गेली होती, मग आजीही गेली आणि चुलता-चुलती वेगळे झाले. म्हणून तर शाळा सुटली. भावाला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तर बाळंतपणाला जायचं कुठं? मालकीण आपण होऊन म्हणाली, "कंय जातंस? मी हाय ना!" माझी मुलगी तिच्या हातावर जन्मली. तिनं मला शेकवलं, अळीव दिले, पोरीला न्हाऊ घातलं, दृष्ट काढली. मी तिला मावशी म्हणायचे. मुलगी बोलायला लागली तशी तिला आजी म्हणू लागली आणि मला ते ऐकून बरंच वाटलं होतं. तेव्हा.

मावशी धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात विधी चालतात ते गाण्यांवर. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. मावशीला कोपरीपासून पार माजिवड्यापर्यंत बोलावणं असायचं. मांडवात पाटावर बसून, डोक्यावरून पदर घेऊन ती गाऊ लागली की तिचा बसका आवाज हळूहळू मोकळा होत जाई आणि बाया हातातलं काम विसरत. त्यात एक भाग असा असे, की त्या घरातल्या गेलेल्या माणसांना ती लग्नाचं आवतण द्यायची. एकेकाला बोलवायची. नुसत्या नावानं नाही. नावाबरोबर खूण.

मी एकदा विचारलं होतं, "मावशी, खूण कशाला?"

"बाय गो, एका नावाचे किती मेलेत या गावान! नुसती नावानं हाक मारली तं सगलेच उठून येतील जेवाला. मंग पंगत पुरंल का?"

म्हणून लग्नाआधी त्या घरच्या म्हाताऱ्या बायांना घेऊन ती बसायची आणि विचारायची, हा कोण, कसा ओळखायचा? कुणी कल्याणच्या बाजारातून डोक्यावर घंगाळ घेऊन चालत आलेली, कुणी मिठाच्या राशीवर झोपणारा, कुणी नवऱ्याशी भांडून होडीत जाऊन बसलेली. खूण सांगायची म्हणजे गोष्ट सांगावी लागे. त्यामुळे त्या लोकांच्यात मेलेलं माणूस गोष्टीशिवाय राहतच नसे. मावशीच्या स्वतःच्या घरात तर विचारूच नका. तिची नातवंडं मोठी झाली होती, त्यांना ह्या गोष्टी पाठ आणि त्यांचा कंटाळा. माझ्या मुलीला कंटाळा नव्हता. शाळेतून आली की दप्तर फेकून ती मावशीच्या ओट्यावर. मी कुडाच्या अलीकडे भाकऱ्या बडवत असे आणि पलीकडचं सगळं ऐकू येई.

मला त्या गोष्टींचा हेवा वाटायचा तो एका कारणानं. त्यांना पुरावा होता. मावशी नुसतं बोट करी, "तो बांद दिसतंय ना, तोच." बांध दिसायचा. घंगाळ तर न्हाणीत होतंच, पोचा आलेलं. माझं जे काही होतं ते घाटावर, इथून दिसायला तर नाहीच, माझ्या मुलीनं धड पाहिलेलंही नाही. पलीकडे बराकीत सिंधी निर्वासित आले होते. त्यांच्या बायका संध्याकाळी खाटेवर बसून आपल्या मागं राहिलेल्या घरांबद्दल बोलायच्या, हातवारे करून खिडक्या कुठं होत्या ते दाखवायच्या. त्यांचं सगळं गेलं, पण गोष्टी बरोबर आल्या. मला त्यांचासुद्धा हेवा वाटला, आता बोला!

त्या दिवशी मुलगी घरी आली तशी मी विचारलं, "शाळेत काय सांगितलंस ग?"

"बाई म्हणाल्या, पणजोबांची गोष्ट सांगा. मला एकच येत होती."

"तो आपला पणजा नाही."

"मग आपला कोण?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. गिरणीतली पाळी संपवून तो पाय पसरून बसला होता.

"होता की," तो म्हणाला. "शेती करायचा."

"आणखी?" मुलीनं विचारलं.

"आणखी काय? मेला."

मुलगी माझ्याकडे वळली. "आणि तुझ्या आईकडचं, आई?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

उद्या सांगायला माझ्याकडे काय होतं? आईचा चेहरासुद्धा मला सलग आठवत नव्हता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कपाळ आठवे, कुंकू आठवे, पण सगळं एकदम आठवायला गेलं की मध्येच मावशीचा चेहरा यायचा. रोज डोळ्यासमोर तोच ना. त्याची मला भीती वाटायची. मला वाटायचं, माझ्याकडून आई पुसली गेली तर ती जगातून गेलीच, कारण तिला धरून ठेवणारं दुसरं कोणीच नाही. आणि माझी मुलगी मात्र लोकांचे पूर्वज पाठ करतेय.

दुसऱ्या दिवशी मी घोडा काढला. म्हटलं, तुझ्या आईच्या आजोबांकडे घोडा होता, सगळ्या गावात एकच. ते त्यावर बसून तालुक्याला जायचे.

"रंग कुठला?" मुलीनं विचारलं.

"पांढरा."

दोन-चार दिवसांनी तिनं परत तीच गोष्ट सांगायला लावली. मी रंगात आले, शेपटी, खोगीर, सगळं सांगितलं आणि तांबडा म्हणून गेले. मुलगी नुसती बघत राहिली. तेवढ्यात नवरा हसायला लागला.

"घोडं? आगं, तुझ्या बाच्या दारात शेरडू तरी हुतं का धड?"

मुलगी उठली आणि ओट्यावर गेली. कुडापलीकडून मला तिचा आवाज ऐकू आला, "आजी, घंगाळाची सांग." मावशी कधी चुकायची नाही. तिचं घंगाळ दर वेळी तेवढंच जड असायचं, मुंब्र्याजवळच उतरवलं जायचं आणि त्याच दगडावर ठेवलं जायचं.

मग मी डोंबिवलीला गेले. तिथं आईचा एक मामेभाऊ रेल्वेत होता, नात्यानं माझा मामा. लहानपणी आई आणि तो एका घरात वाढलेले. मनात म्हटलं, ह्याच्याकडून आणते. डोंबिवली तेव्हा भातशेतांत वसलेलं गाव होतं. स्टेशनपासून बांधावरून चालत मी त्याच्या घरी पोचले. मामीनं पोहे केले. मी पोहे खाईपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "मामा, माझ्या आईचं काहीतरी सांगा की."

मामानं खूप विचार केला. खरंच केला, उगाच नाही. कपाळाला आठ्या घालून त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं.

"तुझी आई," तो म्हणाला, "चांगली होती बिचारी."

"आणखी?"

"हाताला चव होती म्हणायचे."

मामी म्हणाली, "गेलेल्या बाईच्या हाताला चव असतेच."

मी परत निघाले. चांगली होती. वाटेत हे दोन शब्द माझ्या डोक्यात टोचत राहिले. मावशीच्या घरातली एकही बाई नुसती चांगली नव्हती. कुणी भांडकुदळ, कुणी खादाड, एक तर म्हणे देवळातले नारळ पळवायची. त्यांना बोलावलं तर बरोबर त्याच येतील. माझ्या आईला कुणी 'चांगली बिचारी' म्हणून हाक मारली तर किती जणी उठतील!

घरी आले आणि मुलीला सांगितलं, आजपासून ओट्यावर जायचं नाही. अभ्यास कर.

ती रडली नाही. पाटी घेऊन कुडाला पाठ लावून बसली. नंतर माझ्या लक्षात आलं, ती कान कुडाला लावून बसायची.

मावशीनं दोन-तीन दिवस वाट पाहिली. मग दारातून डोकावली. "पोरीला ताप हाय काय गो?"

"नाही, अभ्यास आहे."

"तिसरीचा?"

"हो. हल्ली खूप असतो."

मावशी माझ्याकडे बघत उभी राहिली. मनात म्हटलं, आता म्हणेल खोली खाली करा. तिला मन दुखवून घ्यायची सवय नव्हती, आणि आम्हाला दुसरीकडे कुठं जागा मिळणार? वर्तकनगरला घरं होणार म्हणून लोक बोलत होते, पण ती आमच्यासारख्यांना मिळतील असं वाटत नव्हतं. पण मावशी फक्त म्हणाली, "नातवाचं लगीन ठरलंय. तांदूल निवडाला येशील ना?"

नाही कसं म्हणणार? आणि लग्नघरात मुलीला तरी कसं अडवणार?

तांदूळ निवडायला दुपारी बाया जमल्या. ओट्यावर सुपं, हळदीचं जातं एका कडेला, आणि मधोमध मावशी. तिच्या घरचं लग्न, म्हणजे तिच्या घरच्या मेलेल्यांची बोलावणी ती स्वतःच करणार होती. पण पद्धत म्हणून तिच्या नणंदेनं एकेकाची खूण सांगायची आणि मावशीनं मान डोलवायची, असं चाललं होतं. माझी मुलगी मावशीच्या गुडघ्याला टेकून बसली होती, तिच्या रोजच्या जागेवर. नणंद अडखळली की ही पुढचं सांगायची. बाया हसत होत्या. "ही कुनाची गो? ही तं तुमच्यान जल्मली पायजे होती!"

"जल्मलीच हाय," मावशी म्हणाली. "माज्या हातावर."

मी मान खाली घालून खडे वेचत होते. हातातला तांदूळ मला दिसत नव्हता.

तेवढ्यात मुलीनं विचारलं, "आजी, माझ्या लग्नात तू कोणाला बोलावणार?"

"तुज्या मान्सांना."

"आमच्याकडे कोणी नाही."

असं म्हणाली. इतक्या बायांत. बायांच्या बांगड्या थांबल्या. मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "असं कसं? तुजी आयची आय हाय ना. तिला बोलवीन."

"तिची खूण काय?"

"तिची खून?" मावशीनं सूप खाली ठेवलं. "ती मिठाला येनारी. घाटावरून मिठाला मान्सं यायची पयले, बैलं घेऊन. त्यांच्यासंगं यायची. गोरीपान, उंच, केस असे गुडघ्यापरत. आमचे सासूनं तिला या ओट्यावर बसवली, पानी दिला, आन तिच्या पदरान आमच्या मिठागराचा मीठ घातला. ती जवा जवा आली, तवा तवा…"

मुलीचे डोळे मोठे झाले होते. गोष्ट चांगलीच होती. आणि पुरावा? ओटा होताच की. माझ्या मुलीनं ओट्यावर हात फिरवला, आपली आजी इथंच बसली होती म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत मावशीनं माझी आईसुद्धा आपल्या गोष्टीत नेऊन बसवली, आपल्या सासूच्या हाताखाली, हात पसरून मीठ मागणारी!

"नाही," मी म्हटलं. एवढ्या मोठ्यानं, की जात्यावरच्या पोरींनीही वर पाहिलं. "असं नव्हतं. ती कधी घाट उतरलीच नाही."

"नाय?" मावशी म्हणाली.

"आणि गोरी नव्हती. काळीच होती. उंचही नव्हती. केस तर काय, बोटभर अंबाडा व्हायचा."

"असंल. मना काय म्हाईत," मावशी म्हणाली. "मंग कशी होती?"

"डावखुरी होती."

ते माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. कितीतरी वर्षांत मी ते मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

"डाव्या हातानं वाढलेलं कुणाला चालत नसे," मी सांगू लागले, "म्हणून चारचौघांत ती उजव्या हातानं वाढायची आणि सांडायची. मग माझी आजी तिला बोलायची. पण भाकरी ती डाव्याच हातानं थापायची, कारण चुलीकडे कोण बघायला येतंय! आमच्या घरात दोघी थापायच्या, आई आणि चुलती. चुलतीच्या भाकरीवर बोटांचे वळ असे पडायचे," मी तांदळात बोटं ओढून दाखवली, "आणि आईच्या भाकरीवर असे. उलटे. टोपल्यात सगळ्या एकत्र असल्या तरी आम्ही भावंडं उलट्या वळांची भाकरी बरोबर ओढून काढायचो. चुलती चिडायची. म्हणायची, माझ्या भाकरीत काय इख हाय व्हय रं?"

बाया हसल्या. मी थांबले. मला पुढचं आठवलं होतं आणि ते बोलावं की नाही कळत नव्हतं.

"मंग?" मावशी म्हणाली.

"मग ती गेली. मी पुष्कळ दिवस टोपल्यात हात घालून भाकऱ्या उलट्यापालट्या करून बघायचे. वळ दिसतात का म्हणून."

माझी मुलगी मावशीच्या गुडघ्यापासून हलली नव्हती, पण तोंड माझ्याकडे होतं.

"तिनं आणखी काय केलं?" तिनं विचारलं.

"काही केलं नाही. पाणी आणायची."

"खाडीवरून?"

"आमच्याकडे खाडी नाही. नदी आहे, पण पाणी नाही. वाळूत खड्डा करायचा आणि कडेला बसायचं. तळाशी हळूहळू पाणी पाझरतं. वाटी भरली की घागरीत ओतायची, परत बसायचं."

"म्हणजे पाणी आपण होऊन येतच नाही?" तिला ते खरंच वाटेना. उधाण अडवायला माणसं पाठ लावतात हे तिला माहीत होतं. पाण्याची वाट बघत बसावं लागतं, हे नवीन होतं.

"येतं. पण बोलवावं लागतं, असं आई म्हणायची. पहिली वाटी ती घागरीत ओतायचीच नाही. परत वाळूला द्यायची. मी विचारलं, का ग? तर म्हणाली, तिला पण तहान लागली असंल की."

"हे आधी का नाही सांगितलंस? घोड्याचं काय सांगत होतीस?"

बाया पुन्हा हसल्या. मला लाज वाटली. पण काय सांगू, भाकरी आणि वाळू ह्याला कुणी गोष्ट म्हणेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"आजी," मुलीनं मान वळवली, "मग मिठाला कोण आली होती?"

"कोन तरी दुसरी असंल," मावशी म्हणाली आणि सूप उचललं. "तुजी आय बोलते ती खरी."

तिनं ती मिठाची गोष्ट मुद्दाम चुकीची सांगितली, की तिला खरंच आमच्याकडची म्हणून कुणी आठवत होती, की पोरीला बरं वाटावं म्हणून रचली, हे मला आजही सांगता येत नाही. मी कधी विचारलंही नाही. मुद्दाम असेल तर आणखी एक उपकार झाला, आणि तो मोजायची माझ्यात ताकद नव्हती.

लग्नाच्या मांडवात मावशी गायला बसली. पाठ पांढरी असलेला आला, घंगाळवाली आली, होडीत जाऊन बसलेली आली, सगळी आली. मी मागं बायांत उभी होते. शेवटचं आवतण झालं असं वाटलं आणि मावशीनं श्वास घेतला आणि आणखी एका बाईला बोलावलं. डाव्या हातानं थापणारी, वाळूला पाणी पाजणारी, ये बाय, लांबून येतंस, आधी बस. माझ्या आईचं नाव तिनं मला आदल्या दिवशी सहज म्हणून विचारलं होतं. ते नाव त्या बसक्या आवाजात मांडवाच्या पार वरपर्यंत गेलं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसू लागली. तिला माझी आई काय माहीत?

मी रडले, हे खरं. पण सगळं खरंच सांगायचं तर त्यातही मला जळफळाट झाला. मी सांगितलं ते अडखळत, तांदळात बोटं ओढत. तिनं तेच घेतलं आणि असं म्हटलं की ते जसं काही आधीपासूनच गाणं होतं. माझ्या आईला पहिल्यांदा कुणी हाक मारली तर ती मी नव्हते, मावशी होती. मुलगी मांडवात पुढं बसून मावशीकडेच बघत होती. मी मनात म्हटलं, गेलं. हेही गेलं. आता उद्या शाळेत विचारलं तर म्हणेल, आजीनं सांगितलेली माझ्या आजीची गोष्ट.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून आले तर मुलगी चुलीपुढे. परातीत पीठ सांडलेलं, नाकाला पीठ, आणि ही डाव्या हातानं भाकरी थापतेय. ती डावखुरी नव्हती. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी, आणि तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले.

"वळ बघ," ती म्हणाली.

मी बघितले. तुकडे जोडून बघितले. एका तुकड्यावर होते, अगदी पुसट.

मी काही म्हणायच्या आत ती ते तुकडे ताटलीत घेऊन बाहेर पळाली. कुठं पळाली ते सांगायला नको. मी तशीच चुलीपुढे बसून राहिले. कुडापलीकडून आवाज आला, "आजी, बघ. माझ्या आजीची भाकरी."

"बगू. आगो, ही तं मोडली!"

"माझ्याकडून मोडली. तिची मोडत नव्हती."

"मंग ती बाय ही भाकर घेऊन कय जायची? नदीवर?" मावशीनं विचारलं. "वालूत बसून खायची काय, पानी येयपरत?"

"नाही, असं नव्हतं," मुलगी म्हणाली. मावशीला! तिनं मावशीला आजवर कधी असं म्हटलं नव्हतं.

"मंग कसं होतं?"

मी हातातला चिमटा खाली ठेवला नाही, वाजेल म्हणून.

"ते मला पण माहीत नाही," मुलगी म्हणाली. "आईला विचार."

मावशीनं ओट्यावरून हाक मारली, "बाय गो! इकरं ये जरा. तुजी पोर मना खोटी पारते!"

मी ऐकलं. तवा उतरवला, निखारे मागं ओढले, हात धुतले, पदर नीट केला. सांगायला काय आहे ते मनात एकदा लावून बघितलं, मुलीला परत तांबडा-पांढरा घोडा सापडायला नको. मावशीनं दुसऱ्यांदा हाक मारली. तेव्हाही मी लगेच उठले नाही. म्हटलं, बसू दे जरा वाट बघत.